घरटी एक हात

मोरिवलीत माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. देवीच्या जत्रेची वर्गणी घरटी, सप्ताहातलं जेवण घरटी, आणि गावकीच्या बैठकीत मतही घरटी एकच. घरात चार कर्ते मुलगे असोत की एकटी विधवा असो, हात एकच वर होणार. निर्णय झाला की प्रत्येक घराने देवीसमोरच्या तबकात एक सुपारी ठेवायची. मनासारखं झालं असो वा नसो, सुपारी ठेवली म्हणजे मान्य. मग त्यावर ओट्यावर बसून कुरकुर करायची नाही.

संजीवनी लग्न करून बदलापूरहून या गावात आली तेव्हा तिला या पद्धतीची गंमत वाटली होती. उल्हासनगरच्या कॉलेजातून ती पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाली होती. कुठल्याही गोष्टीचं एकक काय, हे आधी विचारायची तिला सवय. इथे मताचं एकक घर होतं. एकक एकदा ठरलं की मोजमाप सोपं होतं, हे तिला पटलं आणि आवडलंही.

गावाच्या बहुतेक जमिनी कधीच कारखान्यांखाली गेल्या होत्या. उरली होती ती रस्त्याकडेची एक लांबट पट्टी, एकवीस घरांची सामाईक. कारखान्यांत माल घेऊन येणाऱ्या ट्रकांना वजन करायला काटा हवा होता. संजीवनीचे सासरे हिंदुराव यांनी गावाला गोळा केलं आणि त्या पट्टीवर वजनकाटा घालायचं ठरवलं. बँक म्हणाली, काहीतरी नोंदणी करा. अंबरनाथचे सीए श्रीपाद सर म्हणाले, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. अशी ‘मोरिवली ग्रामस्थ वेब्रिज प्रायव्हेट लिमिटेड’ जन्माला आली. प्रत्येक घराला शंभर शेअर, कुणाला एक जास्त नाही, एक कमी नाही. पट्टी कंपनीच्या नावावर झाली, आणि काट्याच्या केबिनमध्ये बसायला गावातली एकमेव विज्ञान पदवीधर म्हणून संजीवनी आली.

इंग्रजी शब्दांची जबाबदारीही तिच्यावरच आली. श्रीपाद सर भराभर बोलायचे, आणि मंडपात बसलेली माणसं देवीकडे बघायची. मग सर गेले की संजीवनीने तेच सगळं मराठीत सांगायचं.

“शेअर म्हणजे कंपनीतला वाटा, काकी. शेअरहोल्डर म्हणजे तो वाटा ज्याचा आहे तो. आणि डायरेक्टर म्हणजे कारभारी.”

“म्हंजे हिंदुराव कारभारी आन् आमी मालक?” वेणूबाईंनी विचारलं. शेवटच्या घरात त्या एकट्या राहत. नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला होता, मुलगी वांगणीला दिली होती.

“हो.”

“मंग आता मी त्याला ओरडू शकते?”

“आत्ताही ओरडताच की.”

मंडप हसला. हिंदुरावही हसले. त्या दिवसांत ते शब्द गावात खेळण्यासारखे फिरत होते. गावातल्या काशीने आपल्या शेळीचं नाव डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, असं ठेवलं. वर्षातून एकदाच देते, आणि तेही थोडंच, असं ती सांगायची. पोरं क्रिकेटमध्ये कॅप्टनला चेअरमन म्हणू लागली.

एका संध्याकाळी संजीवनी कंपनीची नियमावली घेऊन बसली होती. इंग्रजीत तिला आर्टिकल्स म्हणतात, हे तिने गावाला शिकवलं होतं. वाचता वाचता मतदानाचं कलम आलं आणि ती थांबली. पुन्हा वाचलं. मग उठून ओटीवर गेली.

“आबा, हे ऐका. सभेत हात वर करून मत घेतलं, तर हजर असलेल्या प्रत्येक सभासदाला एक मत.”

हिंदुरावांनी चष्मा काढला. “असं लिवलंय?”

“शब्दाला शब्द.”

“बघ,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता, “सायबाच्या कायद्यात पन गावकीच हाय.”

ते पुस्तक तिने तिथेच मिटलं. हव्या त्या ठिकाणी काटा थांबला की माणूस नजर काढून घेतो, तसं झालं.

हिंदुरावांनी नियमावलीत स्वतःच्या हट्टाने दोन गोष्टी घालून घेतल्या होत्या. शेअर गावाबाहेरच्या माणसाला विकायचा नाही. आणि सगळ्या सभासदांच्या सभेत बहुमत झाल्याशिवाय जागा कुणाला द्यायची नाही. दोन कुलपं, असं ते म्हणायचे. उल्हासनगरचे धर्मेशशेट, ज्यांची गोदामं थेट भिवंडीपर्यंत होती, ते मिठाईचा डबा घेऊन त्या पट्टीसाठी आले, तेव्हा हिंदुरावांनी त्यांना चहा पाजला, मंडप दाखवला आणि म्हणाले, “शेटजी, एकवीस घरं हायत. त्यातले निम्म्याहून जास्त हात वर करून दाखवा. जागा तुमची.”

धर्मेशशेट हसले. “आबा, हात तुमच्या गावाचे, मी कसे वर करणार?” डबा ठेवून ते निघून गेले. मिठाई चांगली होती. गावाने ती खाल्ली आणि गोष्ट विसरली.

सुजित हा हिंदुरावांच्या चुलतभावाचा मुलगा. नवऱ्याहून लहान म्हणून संजीवनी त्याला भावजी म्हणायची. शिक्षण बेताचं, पण वांगणी-बदलापूरकडे प्लॉटच्या धंद्यात त्याचा जम बसला होता. गावातल्या कुणाचंही कुठेही अडलं, की सुजितची गाडी दारात. वेणूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा हॉस्पिटलात सोबत तोच होता. काशीच्या मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या वेळी तोच. आणि पैशाची गरज पडली की तो म्हणायचा, “उधार कशाला काकी? परत द्यायचं टेन्शन. तुमचे शेअर आहेत ना, ते मला द्या. गावातल्या गावात आहे, नियमात बसतं.”

भाव तो चांगला देत होता. आणि एक गोष्ट करत होता, तिचं संजीवनीला कौतुक वाटायचं. शंभरच्या शंभर शेअर तो कुणाचेच घेत नसे. नव्याण्णव घ्यायचा.

“एक ठेवा काकी,” तो म्हणायचा. “घराचं नाव राहू दे. सभेचं बोलावणं येऊ दे.”

“बघ, किती समजून वागतो,” संजीवनी नवऱ्याला, अक्षयला, म्हणाली होती. “दुसऱ्या कुणी सगळे घेतले असते.”

“धंदेवाला आहे तो,” अक्षय म्हणाला होता. पण दिवसभर कारखान्यात उभा राहून आलेला माणूस, त्याला तेवढंच सुचलं, आणि तो झोपला.

शेअर नावावर करून देताना सही कुठे करायची हे दाखवायला, आणि साक्षीदार म्हणून स्वतः सही करायला, प्रत्येक घर संजीवनीलाच बोलवायचं. ती जायची. घरातली चहाची कपबशी बाजूला सारून, कागद सरळ करून, पेन हातात द्यायची. हिंदुराव कारभारी म्हणून मंजुरी द्यायचे. शेअर गावाबाहेर जात नव्हता, यापलीकडे त्यांना बघायचं नव्हतं.

वेणूबाईंनी पेन धरलं आणि विचारलं होतं, “सूनबाई, यानं आमच्या घराचा आवाज तर नाय ना जानार?”

“नाही काकी. एक शेअर असला तरी सभासद तो सभासदच. डिव्हिडंड कमी येईल, हात तोच राहील.”

पाणी शंभर अंशांना उकळतं हे ज्या खात्रीने सांगावं, त्या खात्रीने ती बोलली होती.

पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत एक विषय जास्तीचा होता. काटा बंद करून संपूर्ण जागा धर्मेशशेटच्या गोदाम कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देणे. सुचवणार सुजित.

गाव हबकलं नाही. गाव हसलं.

“याला उन्ह लागलं,” काशी म्हणाली. “बोल ना गं डिव्हिडंड, उन्ह लागलं ना?” शेळीने मान हलवली.

हिंदुराव मात्र हसले नाहीत. घरातला पोरगा असं करतो याचं त्यांना लागलं होतं. त्यांनी सुजितला घरी बोलावलं, समोर बसवलं.

“काय कमी पडलं तुला?”

“काय कमी नाय काका. पण बघा ना, ट्रक किती राहिलेत? मोठ्या कंपन्या आपापला काटा बसवतायत. पाच वर्षांनी ही पट्टी अशीच पडून राहील. भाडं येईल तर सगळ्यांनाच येईल.”

“काट्यावर गावातली सात माणसं पोट भरतात.”

“गोदामात लागतील की.”

“हमाल म्हणून?”

संजीवनी दारात उभी होती. तिला सुजितच्या बोलण्यात तथ्य वाटलं, ट्रक खरंच कमी झाले होते. पण त्यावर काय करायचं ते गाव ठरवेल, आणि गाव काय ठरवेल हे तिला माहीत होतं.

“भावजी, एकवीस घरांत तुमच्या बाजूने किती हात होतील?” तिने विचारलं.

“एक,” सुजित म्हणाला. “माझा.”

तो हसत नव्हता. तेव्हाच तिला काहीतरी खटकायला हवं होतं. तिला वाटलं, बिचारा, निदान खरं तरी बोलतो.

सभा रविवारी सकाळी देवीच्या मंडपात भरली. सगळी घरं आली होती. ज्यांनी शेअर विकले होते तीही आली, आपापल्या एका शेअरच्या जोरावर, नेहमीच्या जागी बसली. वेणूबाई नवीन गुडघ्यावर तुरतुर चालत पुढे येऊन बसल्या. श्रीपाद सर लॅपटॉप उघडून बाजूला. देवीसमोर तबक, तबकाशेजारी सुपाऱ्यांची वाटी. हे कंपनीच्या कामकाजात कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण मोरिवलीत सभा म्हटली की तबक येणारच.

सुजितने उभं राहून ठराव वाचून दाखवला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. वाचताना एकदाही अडखळला नाही.

“ठरावाच्या बाजूने हात वर,” हिंदुराव म्हणाले.

सुजितने हात वर केला. मंडपात त्याचा एकटाच हात होता. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

“अरे, एवढी इस्त्री फुकट गेली की रे,” काशी ओरडली. हशा पिकला.

“विरोधात.”

मग जे झालं ते संजीवनीला पुढे कितीतरी दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिलं. वीस हात एकदम वर गेले. बांगड्यांचे, घड्याळाचे, काट्याच्या ग्रीसने काळे झालेले. वेणूबाईंनी तर दोन्ही हात वर केले आणि शेजारणीने एक खाली ओढला. संजीवनी भरून आल्यासारखी बघत राहिली. एक विरुद्ध वीस. अशा निकालाला मोजणीतली त्रुटी धरायचीसुद्धा गरज नसते.

हिंदुरावांनी घसा साफ केला. “तर ठराव…”

“एक मिनिट, काका,” सुजित म्हणाला. तो अजून उभाच होता. “मी पोल मागतो.”

“काय मागतोस?”

“पोल. सर, सांगा ना.”

सगळ्यांनी श्रीपाद सरांकडे पाहिलं. त्यांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “चेअरमनसाहेब, सभासदाला तो हक्क आहे. दहा टक्क्यांहून जास्त मताधिकार असेल तर मागता येतो. आणि मागितला की घ्यावा लागतो.”

“घ्या की मंग!” मागून कुणी म्हणालं. “चिठ्ठ्या टाकून घ्या. पुन्हा वीसच येतील!”

“चिठ्ठ्यांनी काय फरक पडणार?” काशी म्हणाली. “आमी काय लाजतो व्हय त्याला?”

पुन्हा हशा. त्या हशातही संजीवनीने पाहिलं की श्रीपाद सर हसले नाहीत. त्यांनी बॅगेतून नियमावली काढली, तीच जी तिच्या केबिनमध्येही होती, आणि मतदानाचं कलम उघडून तिच्यापुढे सरकवली. “मॅडम, तुम्ही समजावून सांगा. तुमचं ऐकतील.”

तिची नजर ओळखीच्या वाक्यावर गेली. हात वर करून मत घेतलं, तर हजर असलेल्या प्रत्येक सभासदाला एक मत. पण वाक्य तिथे संपत नव्हतं. त्यापुढे अर्धविराम होता. अर्धविरामानंतर वाक्य चालू होतं. आणि पोल घेतला, तर प्रत्येक सभासदाची मतं त्याच्याकडे असलेल्या शेअरच्या प्रमाणात.

तिने ते पुन्हा वाचलं. अक्षरं तीच राहिली.

कुणीतरी विचारत होतं, काय लिहिलंय, वहिनी? पण डोक्यात गणित आधीच सुटलं होतं, तिने न मागता. सुजितचे स्वतःचे शंभर. चौदा घरांचे नव्याण्णव-नव्याण्णव. त्या चौदाही व्यवहारांवर साक्षीदार म्हणून सही कुणाची? गणित तोंडी व्हावं इतकं सोपं होतं, आणि तेच भयंकर होतं. ती रोज काट्यावर बसत होती. काट्यावर कुणी ट्रक मोजत नाही. एक भरलेला कंटेनर आणि वीस रिकामे टेम्पो, जड कोण हे विचारायलाच काटा असतो. हे तिला माहीत होतं. हेच तर तिचं काम होतं.

“सूनबाई?” हिंदुरावांचा आवाज.

“आबा,” ती म्हणाली, आणि थांबली. मग तिने वाक्य वाचलं. मराठीत, सगळं, अर्धविरामापुढचंही. तिचा आवाज स्थिर होता याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

मंडपात कुणाला कळलं नाही. कळायला वेळ लागतो. मग एकेकाच्या चेहऱ्यावरून हसू उतरायला लागलं. सगळ्यांचं एकदम नाही. आधी ज्यांनी शेअर विकले नव्हते त्यांचं, मग ज्यांनी विकले होते त्यांचं. शेवटी फक्त वेणूबाई हसत होत्या, कारण त्यांना वाटत होतं गंमत अजून चालू आहे.

“म्हंजे काय झालं?” त्यांनी विचारलं. “अगं कुनीतरी सांगा. काय झालं?”

“काकी,” संजीवनी त्यांच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसली. “आता हात मोजणार नाहीत. शेअर मोजणार. तुमच्याकडे एक आहे, म्हणून तुमचं मत एक. भावजींकडे तुमचे नव्याण्णव आहेत, म्हणून तुमची नव्याण्णव मतं त्यांची.”

“पन माझा हात वर व्हता.”

“हो काकी.”

“सगळ्यांनी बघितला. मंग तो गेला कुठं?”

संजीवनीने त्यांचा हात धरला. तो तसाच होता, सुरकुतलेला, मनगटाला काळा दोरा. त्याने काही बिघडवलं नव्हतं.

काशी उठून उभी राहिली. “सुजित. खरं सांग. एक शेअर कशाला ठेवलास रे आमच्याकडं? दया आली व्हती?”

सुजितने खाली पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर घाम दिसला. “नाय ठेवला असता,” तो हळू म्हणाला, “तर तुमी सभेला आला नसता. मंडप रिकामा दिसला असता. काकांनी विचारलं असतं, माणसं कुठं गेली.”

आतापर्यंत एखादा तरी म्हणत होता की यात काहीतरी चूक असेल, सर पुन्हा बघतील. आता तेही थांबलं.

हिंदुराव संजीवनीकडे पाहत होते. “बरोबर हाय का हे? तू सांग. सर नको, तू.”

खोटं बोलायची इच्छा तिला आयुष्यात फार कमी वेळा झाली होती. तेव्हा झाली.

“बरोबर आहे, आबा.”

“तू तवा वाचलं नव्हतंस?”

“अर्धंच वाचलं होतं. आपल्याला पाहिजे होतं तेवढं सापडलं, आणि मी थांबले.”

हिंदुरावांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खांबाला पाठ टेकली, आणि दोन कुलपांची गोष्ट सांगणारा तो माणूस एकदम वाकल्यासारखा दिसला. दोन्ही कुलपं जागच्या जागी होती. शेअर गावातच होते. सभाही झाली होती. बहुमतही होतं.

पोल घेतला. सगळ्यांनी कागदावर आपापलं नाव आणि आपले शेअर लिहून दिले. वेणूबाईंनी एक लिहिला. वीस घरांचे मिळून सहाशे चौदा शेअर झाले, सुजितच्या एकट्याच्या निम्म्यालाही ते पोचले नाहीत. निकाल चेअरमननेच जाहीर करायचा असतो, असं श्रीपाद सर म्हणाले. म्हणून तो हिंदुरावांनाच करावा लागला. “ठराव मंजूर,” ते म्हणाले. एवढे दोनच शब्द. एवढ्या वर्षांत त्या मंडपात त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही असं पहिल्यांदाच झालं.

सुजितने खिशातून सुपारी काढली. घरून आणली होती. पुढे येऊन त्याने ती तबकात ठेवली, हात जोडले आणि बाजूला उभा राहिला.

तबकात सुपारी एकटी पडली होती.

तो वाट बघत होता. सगळे वाट बघत होते. प्रत्येकाला वाटीकडे जायची सवय होती, निर्णय झाला की पाय आपोआप उचलले जायचे. दोघा-तिघांचे हललेसुद्धा, आणि परत जागी आले.

“काका,” सुजित म्हणाला. “सुपारी.”

“घराची असते ती,” हिंदुराव म्हणाले. “शेअरची नाय.”

“पण निर्णय झालाय ना. गावकीचा नियम आहे, निर्णय झाला की…”

“कंपनीचा झाला. गावकीत तुझा एकच हात व्हता. तो आमी मोजला.”

“सभेच्या मिनिट्समध्ये सुपारीची नोंद लागत नाही,” श्रीपाद सर चेअरमनच्या वतीने खुलासा केल्यासारखं म्हणाले, आणि आपण बोलायला नको होतं हे त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

सुजित थोडा वेळ तिथेच उभा राहिला. त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तरीही तो रिकाम्या हाताच्या माणसासारखा तबकाकडे बघत होता. कदाचित त्यालाही आताच काहीतरी कळत होतं. मग तो चपला घालून गाडीकडे गेला. आज त्याच्या गाडीत कुणी बसायला आलं नाही.

मंडपातून कुणी उठलं नाही. बाहेर काट्यावर एक ट्रक आला होता, हॉर्न वाजवत होता. केबिनमध्ये कुणी नव्हतं. संजीवनी उठायला लागली, तशी वेणूबाईंनी तिचा पदर धरला.

“बस.”

“काकी, ट्रक…”

“थांबंल तो. काटा आता आपला थोडाच हाय.” त्या थांबल्या. आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. घरात साप निघाल्यावर माणूस जसा बोलतो तसं त्या बोलत होत्या, हळू, नजर न हलवता. “ते पुस्तक घे. वाच.”

“काय वाचू?”

“सगळं. पहिल्यापासनं. अर्धं नको. आनखी काय काय लिवलंय त्यात ते आमाला कळू दे.”

“काकी, आता वाचून ठराव बदलणार नाही.”

“म्या कुठं बोलले बदलंल? मी मालक हाय ना अजून? एका शेअरची?”

“हो.”

“मंग मालकाला वाचून दाखव.”

काशी सरकून पुढे आली. तिच्यामागे बाकीचे. हिंदुराव खांबाला टेकलेली पाठ सोडवून सरळ बसले. संजीवनीने नियमावली उघडली. पहिलं पान, पहिली ओळ. ती इंग्रजी वाचायची, मग मराठीत सांगायची, मग विचारायची, कळलं? कुणी नाही म्हटलं की तेच पुन्हा. डायरेक्टरला काय करता येतं आणि काय नाही. सभासद काय मागू शकतो, किती जण मिळून मागू शकतात. कुठल्या ठरावाला निम्म्याहून जास्त पुरतं, आणि कुठल्याला तेवढ्याने भागत नाही, तीन चतुर्थांश लागतं. तिथे हिंदुरावांनी हात वर करून तिला थांबवलं.

“जागा द्यायच्या ठरावाला कुठलं लागत व्हतं?”

तिने मागचं पान काढलं. कलम त्यांनीच घालून घेतलं होतं. “तुम्ही बहुमत लिहायला सांगितलं होतं, आबा. सरांनी विचारलं होतं, साधं की विशेष. तुम्ही म्हणालात, साधं. गाव साधं आहे.”

हिंदुराव तिच्याकडे बघत राहिले. सुजितकडे किती शेअर होते, आणि तीन चतुर्थांश म्हणजे किती, हा हिशोब आता मंडपातल्या काशीलाही येत होता. तिने बोटांवर केला, सुजितला एकोणनव्वद कमी पडले असते, आणि तोंडावर हात ठेवला.

बाहेरचा हॉर्न थांबला. ट्रक दुसरीकडे वळून गेला असावा.

“पुढं,” वेणूबाई म्हणाल्या.

संजीवनीने पान उलटलं. मतदानाचं कलम आलं. ती वाचू लागली, अर्धविरामाशी आली, आणि या वेळी थांबली नाही.